उजव्या खुर्चीचं पॅनल

१२ जानेवारी, रविवार

दादाने आज माझ्याकडे काहीतरी मागितलं. आमच्यात हे सहसा घडत नाही. लहानपणी माझी सायकल त्याने नीट करायची, माझं गणित त्याने तपासायचं, पहिल्या मुलाखतीला शर्टसुद्धा त्याचाच. देणं त्याच्याकडे आणि घेणं माझ्याकडे, अशी वाटणी कधीच पक्की झाली होती. त्यामुळे "तुझ्याकडे एक काम होतं" असं तो म्हणाला तेव्हा मी चहाचा कप खालीच ठेवला.

त्याला हवं आहे कॉकपिट. खरं नव्हे, घरातलं. असे हौशी लोक बरेच आहेत. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा कार्यक्रम असतो, त्याला ते खऱ्यासारखे स्विच, नॉब आणि दांड्या जोडतात आणि रिकाम्या खोलीत वैमानिक होऊन बसतात. दादा मात्र खराच वैमानिक. होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जाळ्या बसवल्या, मग वैद्यकीय तपासणीत लायसन्स गेलं. तेव्हापासून तो मागच्या खोलीत पेपर वाचतो. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवतो.

माझा तर धंदाच हा. लिफ्टच्या कंपनीत मी सर्किट बोर्ड आखतो. माणूस चौथ्या मजल्याचं बटण दाबतो, त्या बटणामागच्या हिरव्या पट्टीवर तांब्याची कोणती रेघ कुठून जाईल हे मी ठरवतो. आजवर कुणी लिफ्टमधून उतरून माझे आभार मानलेले नाहीत. आता दादासाठी बोर्ड करायचे म्हटल्यावर मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण डायरी आहे म्हणून लिहितो. मला वाटलं, चला, आता आपली पाळी.

"उजव्या खुर्चीचं कर," तो म्हणाला. "माझ्या बाजूचं."

"करतो की."

"नक्की ना? तुला ऑफिसचं काम असेल."

ऑफिसचं काम असेल म्हणे!

१८ जानेवारी, शनिवार

दिवसभर मागच्या खोलीत मापं घेतली. पलंग बाहेर काढला. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, विमान आत येईल ना, की भिंत पाडायची आहे?" मी म्हटलं, पंख बाहेर ठेवू.

मला समजलं ते लिहून ठेवतो, बोर्ड काढताना उपयोगी पडेल. कॉकपिटात शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे को-पायलट. दोघांच्या मध्ये एक लांबट खोका, त्यावर इंजिनच्या दांड्या, पंखांमागच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्लॅपची दांडी, आणि समोरच्या बाजूला चाकं वर-खाली करायची दांडी. म्हणजे उजवीकडे बसणाऱ्याचा डावा हात या खोक्यावर, आणि डावीकडे बसणाऱ्याचा उजवा. पलीकडच्या अंगाला खिडकी आणि खिडकीखाली दिव्यांच्या, हेडफोनच्या नॉबची पट्टी. ती पट्टी दोन्ही बाजूंना असते, पण आरशात बघितल्यासारखी उलटी.

आमच्या खोलीत एकच खुर्ची मावते. बोर्ड तीन लागतील: मधल्या खोक्याचा, समोरचा आणि खिडकीच्या पट्टीचा.

दादाने प्रत्येक नॉबची जागा कागदावर काढून दिली. दोन नॉबमध्ये किती अंतर, हे तो पट्टीने सांगत नाही. डोळे मिटतो, हवेत हात फिरवतो आणि म्हणतो, "अजून थोडं पुढे. हं. इथे." मी माझ्या कॅलिपरने त्याच्या बोटांमधलं अंतर मोजत होतो आणि वहिनी हसत होत्या.

२५ जानेवारी, शनिवार

बोर्ड कारखान्याला पाठवण्याआधी आम्ही आखणी खऱ्या मापात कागदावर छापतो, पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि भोकं पाडून स्विच बसवून बघतो. एखाद्या नॉबची कड दुसऱ्याला घासत असेल तर तिथेच कळतं. तांब्यात चूक कोरली गेली की ती खोडरबराने जात नाही.

पुठ्ठ्याचं कॉकपिट परवा संध्याकाळी लावून आलो होतो, आज सुधारणा विचारायला गेलो. दार अर्धं उघडं होतं. दादा खुर्चीत ताठ बसलेला, डावा हात पुठ्ठ्याच्या खोक्यावर. स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा, हात पुढे जायचा, पुठ्ठ्याची दांडी वर करायचा, परत यायचा. पुन्हा तेच. अंगावर घरातला ढगळ सदरा, पण बसण्यात कडक इस्त्री.

मला भडभडून आलं. मी तसाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

इतकी वर्षं हा माणूस उजवीकडेच बसला. त्याच्या हाताखालून शिकलेली पोरं डावीकडे गेली, खांद्यावर पट्ट्या वाढल्या. दादाने कॅप्टनची परीक्षा एकदा दिली, पास झाला नाही, आणि पुन्हा बसलाच नाही. पुन्हा बसला असता तर सहज झाला असता. आमच्या ऑफिसच्या समारंभात मी त्याला घेऊन गेलो होतो. साहेबांनी हात पुढे केला, "या कॅप्टन!" तर हा शांतपणे म्हणतो, "कॅप्टन नाही, को-पायलट." कुठेतरी तोंड लपवावं असं झालं मला. साहेबांना मीच तसं सांगितलं होतं. काय बिघडलं असतं दादा गप्प बसला असता तर?

आणि आता घरातल्या घरात, खोट्या विमानातसुद्धा, तो उजवीकडचंच मागतो. सवय, दुसरं काय. संकोच अंगात मुरलाय. स्वतःहून डावी खुर्ची मागायची हिंमत त्याला या जन्मी होणार नाही.

मग ठरवलं, मीच देणार.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं. ऑर्डर गेली.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तेच करत होतो. लोकांना वाटेल, कॉम्प्युटरवर उलटं करायला एक बटण पुरतं. स्विच उलटतात हो, चिप उलटत नाही. तिचे पाय जिथे आहेत तिथेच आहेत. त्यामुळे खिडकीची पट्टी पुन्हा पहिल्यापासून आखली, खोक्याचा बोर्ड फिरवला, कनेक्टर दुसऱ्या अंगाला आणला म्हणजे केबल कॅप्टनच्या पायात येणार नाही. शेवटी बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत छापायला थोडी जागा उरली, तिथे लिहिलं: "कॅप्टनसाठी". बोर्ड मागे असतो, कुणाला दिसणार नाही. पण दादाला बसवायच्या आधी दाखवीन.

एकेका आखणीचे पाचाच्या खाली बोर्ड कारखाना करत नाही. म्हणजे दादा पाच वेळा कॅप्टन होणार.

बायकोने पाठीमागून बघितलं. तिला बोर्डातलं कळत नाही, पण पुठ्ठा तिने पाहिला होता.

"हे त्या पुठ्ठ्याच्या उलटं नाही का?"

"डावीकडचं केलंय. दादाला सांगू नकोस, गंमत आहे."

"पण दादांनी उजवीकडचं सांगितलं होतं ना?"

"त्याला काय हवंय ते त्यालाच कळत नाही."

"अहो, मग विचारा की एकदा."

विचारलं की गंमत काय राहिली? शिवाय विचारलं तर तो नको म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन गोष्टी एकाच दिवशी.

सकाळी कारखान्याची मेल. तिथली तपासणारी बाई फार बारकाईने बघते. माझ्या फायलीच्या कोपऱ्यात जुनी टीप राहून गेली होती: उजवी खुर्ची. तिने लिहिलंय, टिपेत उजवी खुर्ची म्हटलं आहे, पण आखणी डाव्या खुर्चीची दिसते. आम्ही काम थांबवलं आहे, काय करायचं ते कळवा. कोण कुठली बाई, जिने आयुष्यात आमचं तोंड पाहिलं नाही, ती विचारते!

आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहिनींचा फोन. आवाज एकदम खालचा. "भाऊजी, त्यांनी सांगू नका म्हटलंय. पण तुम्ही एवढे राबताय म्हणून सांगते." वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात दादाला बोलावलंय. तिथे हलणारं मोठं कॉकपिट असतं, कॅप्टन होऊ घातलेल्यांचा त्यात सराव घेतात. त्या वेळी शेजारच्या खुर्चीत को-पायलट म्हणून बसायला जाणकार माणूस लागतो. लायसन्सची गरज नाही, जाळ्या चालतात. अठ्ठावीस मार्चला एकदा बसवून बघणार आणि ठरवणार. दादाने सरावासाठीच पॅनल मागितलं आहे. "झालं तर स्वतःच्या तोंडाने सांगायचंय त्यांना तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, कितीतरी दिवसांनी ते सकाळी उठून दाढी करतात हो."

फोन ठेवल्यावर मी मेल पुन्हा उघडली. काम थांबलेलं आहे. खाली "रद्द करा" असं बटण आहे. उजव्या खुर्चीची पहिली फाईल कॉम्प्युटरवर तशीच जपून ठेवली आहे. पाठवायची म्हटलं तर चहा संपायच्या आत जाईल.

खूप विचार केला. विमान तेच, दांड्या त्याच, क्रम तोच. डोक्याचा सराव तर होणारच. आणि ज्याला डावीकडचं आलं त्याला उजवीकडचं अवघड जाईल का? दादाला? उलट डावीकडे बसून बसून थोडा रुबाब आला तर तिथेही छाप पडेल. पुन्हा को-पायलट म्हणूनच जायचं आहे बिचाऱ्याला, हे ऐकून तर मला जास्तच वाटलं की घरी तरी त्याला ती खुर्ची मिळायला हवी.

बाईंना कळवलं: टीप जुनी आहे, आखणी बरोबर आहे, काम सुरू करा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बोर्ड आले. काळेभोर, गुळगुळीत, कडा अशा की बोट फिरवत राहावं. पांढरी अक्षरं स्वच्छ उठली आहेत. ऑफिसात इतके बोर्ड हाताखालून जातात, पण असा आनंद नाही झाला. एक भोकसुद्धा केसभर इकडे तिकडे नाही. बायकोला दाखवले. ती म्हणाली, "सुंदर आहेत," आणि मग, "सांगितलंत का दादांना?"

हिचं एकच.

२ मार्च, रविवार

बोर्डांवर सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन मान धरली. सगळे स्विच, नॉब, मागचे बारीक दिवे लागले. एक दिवा उलटा बसवला होता, तो काढताना बोट भाजलं. बाकी सगळं पहिल्या फटक्यात चाललं. पुढचं अ‍ॅक्रिलिक कापून, अक्षरं खोदून आलं. दिवे लावले की अक्षरं मागून उजळतात.

९ मार्च, रविवार

आज बसवलं. दादाला मी दिवाणखान्यातच थांबवून ठेवलं होतं. पुठ्ठा काढला, नवं पॅनल लावलं, खुर्ची खोक्याच्या डाव्या अंगाला ठेवली, पडदे ओढले, दिवे लावले आणि हाक मारली.

तो दारात थबकला. बराच वेळ थबकला. वहिनी मागून म्हणाल्या, "अगं बाई, केवढं छान!" मी त्याला जादाचा बोर्ड दाखवला, "कॅप्टनसाठी" वाचून दाखवलं. त्याने तो हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"डावीकडचं केलंस."

"तुझ्यासाठी!"

"हं," तो म्हणाला. "किती काम केलंस रे."

मग खुर्चीत बसला. उजवा हात खोक्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. माझ्याकडे बघून हसला. त्याचे डोळे भरले होते, मी स्पष्ट पाहिलं. दादाच्या डोळ्यांत पाणी मी दोनदाच पाहिलंय, एकदा आई गेली तेव्हा.

जाताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येईपर्यंत मी गाडीत गुणगुणत होतो. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, शब्दच फुटेनात त्याला.

१६ मार्च, रविवार

थोडा वैतागलोय. आज गेलो तर दादाने खुर्ची उचलून खोक्याच्या पलीकडच्या अंगाला नेलेली. तिकडे भिंत आहे. गुडघे दुमडून, खांदा भिंतीला घासत, अंग चोरून बसला होता आणि डाव्या हाताने दांड्या चालवत होता. पॅनल त्याला निम्मं पाठमोरं. केबल खुर्चीच्या पायाखाली चेपून इतकी ताणली गेली होती की कनेक्टर उपटूनच येणार होता.

"अरे दादा, तिकडे कशाला बसतोस?"

"सहज. बघत होतो."

"केबल तुटेल ना!"

"हो हो. चुकलं माझं," म्हणाला आणि लगेच उठला.

सवय कशी असते बघा. सिंहासन दिलं तरी माणूस पायरीवर जाऊन बसतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून मी ड्रिल आणून खुर्ची तिच्या जागी फरशीला बोल्ट मारून पक्की केली. चार बोल्ट. दादाने भोकांसाठी खुणा करायला मदत केली, पेन्सिल त्यानेच धरली.

२२ मार्च, शनिवार

वहिनी म्हणाल्या, रोज बसतात. सकाळी, दुपारी. मग मी खुशीत विचारलं, जमतंय ना? तर म्हणाल्या, "मला काय कळतंय भाऊजी. हात मधेच थांबतो आणि चिडतात स्वतःवर. काल म्हणाले, आता मला डावं-उजवंसुद्धा कळेनासं झालं." वय झालं, जाळ्यांच्या गोळ्या, शिवाय इतक्या दिवसांची सवय मोडलेली. दादा चहाला बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, होईल सरावाने.

मला सगळं माहीत आहे, हे दादाला माहीत नाही. त्यामुळे मी तोंड मिटून होतो. "सराव" हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा त्याने एकदम वर बघितलं. मी लगेच विषय बदलला.

२८ मार्च, शुक्रवार

आज त्याची परीक्षा. ऑफिसात कामात लक्ष नव्हतं. एका लिफ्टच्या बोर्डावर दार उघडायचं आणि दार मिटायचं बटण मी एकमेकांच्या जागी ठेवलं, शेजारच्याने दाखवून दिलं. फोन आला नाही. दादाने मला सांगितलेलंच नाही, तर फोन कसा येणार?

३० मार्च, रविवार

नाही झालं.

वहिनींनी एका वाक्यात सांगितलं आणि फोन ठेवला.

३ एप्रिल, गुरुवार

आज संध्याकाळी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. दादानेच सांगितलं, जसं काही मला पहिल्यांदाच कळतंय. प्रशिक्षण केंद्र, ती नोकरी, सगळं पहिल्यापासून. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. शरमेने मेलो, तरी केला.

"सुरुवातच बिघडली," तो म्हणाला. "विमान उचललं. शेजारचा म्हणाला, चाकं वर. आणि माझा उजवा हात उठला."

"उजवीकडे काय असतं तिथे? खिडकी. काचेवर हात आपटला माझा. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मग डावा हात नेईपर्यंत त्याने स्वतःच दांडी ओढली. पुढे फ्लॅपला पुन्हा तेच. मग मी एवढा घाबरलो की दोन्ही हात मांडीवरच ठेवायला लागलो." तो थोडं हसला. "माणसं चांगली होती. म्हणाली, बरेच दिवस गॅप पडलाय, साहजिक आहे. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं त्यांनी."

पॅनलचं त्याने नावसुद्धा काढलं नाही. मी खाली बघत चहा प्यायलो. उठताना वहिनींकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल, मी सांगत होते. तिने पुढचं ताट पुसायला घेतलं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, रविवार

मागची पानं वाचली. नसती वाचली तर बरं.

वेळ होता. सगळ्यात जास्त हेच टोचतं. कारखान्याने काम थांबवून विचारलं होतं, वहिनींनी खालच्या आवाजात सांगितलं होतं, बायकोने दोनदा म्हटलं होतं, फाईल तयार होती. एक बटण. आणि मी काय विचार करत बसलो होतो तर दादाला रुबाब येईल! तो भिंतीला खांदा घासत डाव्या हाताने सराव करत होता, तेव्हा मी केबल वाचवली. त्याचा उरलासुरला मार्ग मी फरशीला बोल्ट मारून बंद केला, वर त्यालाच पेन्सिल धरायला लावली.

त्याचे डोळे भरले होते ते आनंदाने, असं मी लिहून ठेवलंय.

फार वाईट वाटतंय. लिहून काही हलकं होत नाही.

उजव्या खुर्चीची फाईल उघडून बसलो होतो. तेव्हाच पाठवली असती तर वेळेत आली असती, आणि आता आली तर त्याने तिचं करायचं काय? तरी वाटतं, पाठवावी. पण या वेळी विचारल्याशिवाय नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा मागच्या खोलीत पेपर वाचत होता, त्याच बोल्ट मारलेल्या खुर्चीत, पॅनलकडे जेमतेम पाठ होईल इतकं वळून. मी पलंगाच्या जागी फरशीवर बसलो आणि कारखान्याच्या मेलपासून सुरू केलं. वहिनींनी फोन केला होता, मला अठ्ठावीस तारीख माहीत होती, काम रद्द करता आलं असतं, मी केलं नाही. तो पेपरची घडी घालत ऐकत होता. एवढ्या नीट घड्या कुणी रद्दीलासुद्धा घालत नाही.

"आणि ते का केलंस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

"मला वाटलं, निदान घरात तरी तुला ती खुर्ची मिळावी."

"कुठली?"

"कॅप्टनची."

त्याने पेपर बाजूला ठेवला. "तुला काय वाटत होतं, मी इतकी वर्षं तिथे बसून वाट बघत होतो?"

"दुसऱ्यांदा विचारलं होतं मला. मीच नको म्हटलं. पहिल्यांदा नापास झालो याचं मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं, तुम्हा सगळ्यांना मात्र फार वाटलं. मला शेजारी बसायला आवडायचं रे. दुसऱ्याचं चुकायच्या आधी ओळखायचं, त्याला कळू न देता सावरून घ्यायचं. ते मला जमायचं. तेच पुन्हा करायला मिळेल असं वाटलं होतं, म्हणून गेलो."

"मी उजवीकडचं करून देतो. फाईल तयार आहे. तू हो म्हण फक्त."

"नको आता."

"दादा..."

"तू आमच्या विमानात एकदा आला होतास," तो म्हणाला. "आठवतं?"

न आठवायला काय झालं? एकदाच गेलो होतो. उतरताना जोराचा पाऊस आणि असा वारा की विमान एका कडेला झुकायचं. लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, एक बाई मोठ्याने रडत होती. आणि चाकं जमिनीला कधी टेकली ते कुणाला कळलंच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्याला सांगितलं होतं, माझा भाऊ पुढे बसलाय. कुठल्या खुर्चीत ते सांगितलं नव्हतं.

"लँडिंग माझं होतं," दादा म्हणाला. "आम्ही आळीपाळीने करतो. त्या दिवशी माझी पाळी होती. वारा बघून कॅप्टन म्हणाले, मी घेऊ का? मी म्हटलं, असू द्या, माझा भाऊ आहे मागे. उतरताना तू दाराशी आलास, कॅप्टनचा हात दोन्ही हातांत धरलास आणि म्हणालास, काय अलगद उतरवलंत साहेब. मी त्यांच्या मागेच उभा होतो."

मला कॅप्टनचा हात आठवतो. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आठवतं. मागे उभा असलेला दादा, कितीही आठवलं तरी, दिसत नाही.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. त्या दिवसाबद्दल विचारत होतो की या पॅनलबद्दल, ते माझं मलाच ठाऊक नाही.

"तू एवढा खूश होतास," दादा म्हणाला.